चित्रकलेचा शिक्षक झालो तर स्वतःची चित्रं काढायची राहून जातील का?

तुम्ही लिहिलंय की बारावी झाली, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आहे, वडील म्हणतात एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करून शाळेत लाग, आणि तुम्हाला भीती वाटते की मास्तर झालो की चित्रकार संपला. मी कोल्हापुरात एकोणीस वर्षं शाळेत शिकवतोय आणि दुपारनंतर माडीवर रंगवतो, म्हणून उत्तर देतो.

वेळ जाईल ही काळजी सोडा. सकाळची शाळा साडेबाराला सुटते, दिवाळी आणि मे महिना पदरात पडतो. वेळेचं गणित बसतं. बिघडतो तो हात.

वर्गात वस्तुचित्राचा डेमो द्यायचा असतो. तांब्या, दोन वांगी, मागं कापड. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मुलांना गप्प करण्यात जातात. उरलेल्या वेळात तांब्याच्या पोटावर कागदाचा पांढरा ठिपका तेवढा सोडायचा, बाकी गडद मारायचं. शेवटी तो ठिपका चमकला की "वाऽ सर!" ही वाहवा अंगात भिनते हो. पाच-सहा वर्षांनी माझ्या पंचगंगेच्या घाटाच्या चित्रांतही तोच ठिपका यायला लागला. उजेड नेमक्या जागी, चित्र तासाभरात तयार, बघणारा खूश. एकदा एक मित्र माडीवर आला, सगळी चित्रं बघितली आणि म्हणाला, "हे सगळं डेमोच आहे की रे." दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. खरं म्हणजे राग त्याचा नव्हताच.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. मुलांच्या कागदाला हात लावणं बंद केलं. डेमो द्यायचा तो वेगळ्या कागदावर, आणि तोही अर्धाच सोडायचा. आणि घरी जलरंग गुंडाळून तैलरंग घेतले. तिथं तासाभरात टाळ्या मिळत नाहीत. थरावर थर चढवायचे तर आधीचा वाळेपर्यंत थांबावं लागतं, आमच्या पावसात तर वाळता वाळत नाही. एक कॅनव्हास आठ महिने भिंतीला टेकून होता.

उलटंही होतं. सहावीतल्या एका पोरानं बाजाराच्या स्मरणचित्रात तराजूचं पारडं भाजीवालीपेक्षा मोठं काढलं होतं. प्रमाण चुकलं म्हणून खूण करणार, तेवढ्यात कळलं की त्याची आई भाजी विकते आणि तो शेजारी बसून मापच बघत असतो. मी आधी बाजार रंगवायचो तो रस्त्याच्या पलीकडून, छत्र्या आणि गर्दी. आता खाली बसून रंगवतो.

शिकवता शिकवता कामं करणारे आपल्याकडे मोठे होऊन गेलेत. चित्रकार म. वि. धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले, तिथंच मास्तर झाले आणि १९३१ ला निवृत्त झाले. पोस्टकार्डांपासून पौराणिक प्रसंगांपर्यंत सगळं त्याच काळात चाललं होतं. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५० ला बडोद्याला शिकवायला गेले आणि १९६६ ला नोकरी सोडून पूर्णवेळ रंगवायला लागले. म्हणजे दोन्ही वाटा आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. माझ्या पहिल्या प्रदर्शनात सतरा चित्रं लावली, दोन गेली. फ्रेमा आणि टेम्पोचं भाडंसुद्धा निघालं नाही. गॅलऱ्या विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्मा घेतात. एका गॅलरीनं माझी चार चित्रं दीड वर्ष ठेवून घेतली आणि परत दिली ती कोपरे घासलेली. अशा वेळी एक तारखेचा पगार असला की "सोफ्याला मॅच होईल असं काढून द्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं. मला नोकरीचा खरा उपयोग हाच झालाय.

मात्र वडिलांना वाटतं तितकी नोकरी सोपी राहिलेली नाही. शिक्षण हक्काच्या (आरटीई) २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीला शंभरच्या वर मुलं असली तरच कलेला शिक्षक धरलाय, तोही अंशकालीन. एटीडी केलेली कितीतरी पोरं आज चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या क्लासवर जगतात, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक तिथं पैसे मोजतात.

एटीडीचा फॉर्म भरा. नोकरीचं बोलणं निघालं की पगाराच्या आधी शाळा सकाळची आहे की दुपारची ते विचारा. दुपारची असेल तर दिवसाचा उजेड गेला म्हणून समजा.