पेपर नाही, म्हणून लॅब बदलायची?

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षाअखेर एमडीसाठी, म्हणजे इथल्या मेडिकल स्कूलच्या डॉक्टरकीच्या पदवीसाठी, अर्ज करणार. एका संशोधनाच्या लॅबमध्ये वर्षभर जातेय, पण अजून एकही पेपर (छापून आलेला शोधनिबंध) नाही. मैत्रिणींच्या तीन-तीन लॅब झाल्या. हिनेही लॅब बदलावी का? हॉस्पिटलमधलं व्हॉलंटिअरिंग सोडून तो वेळ लॅबला दिला तर?
– एक पालक, एडिसन

उत्तर : दोन्ही करू नका. पेपर लागणं बरंचसं प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर हाती आलं यावर असतं, ते निवड समितीलाही कळतं. लॅब बदलली की पहिले काही महिने ट्रेनिंग आणि पिपेट धरायला शिकण्यातच जातात. तीन लॅबमध्ये तीनदा तेच.

मुलाखतीत विचारतात ते असं : प्रयोगाचा प्रश्न काय होता, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) कोणता घेतला, निकाल उलटा आला असता तर पुढे काय केलं असतं? वर्षभर नुसती जेल (डीएनए वेगळे करून बघायची नेहमीची चाचणी) चालवून प्रयोगामागचा प्रश्नच माहीत नसेल, तर इथे बोलती बंद होते. तिने आत्ताच पीआयकडे (लॅबच्या प्रमुख प्राध्यापकांकडे) प्रोजेक्टचा स्वतःचा छोटासा तुकडा मागावा आणि लॅब मीटिंगमध्ये तो मांडावा. कॉलेजच्या पोस्टर सेशनमध्ये लावला, तर तीही अर्जात वेगळी नोंद होते.

शिफारसपत्राचीही मेख इथेच आहे. रोज शिकवतो तो पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) आणि सही करतो तो पीआय. पीआयला चेहराच आठवत नसेल, तर पत्र दोन गुळमुळीत ओळींचं येतं. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं त्यांच्यासमोर बसायला हवं.

ॲमकासच्या (एमडी स्कूल्ससाठीच्या सामायिक ऑनलाइन) अर्जात कामांच्या जास्तीत जास्त 15 नोंदी करता येतात, प्रत्येकीला 700 कॅरेक्टर. त्यातल्या तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी 1325. तासांचा हिशेब आजपासून वहीत ठेवा : आठवड्याला 8 तास, 30 आठवडे म्हणजे 240, उन्हाळ्यात पूर्णवेळ 10 आठवडे धरले तर आणखी 400. आकडा फुगवू नये. नोंदीसोबत संपर्काचं नाव द्यावं लागतं. पाठवलेला पण न स्वीकारलेला पेपर ‘प्रकाशित’मध्ये टाकणं ही नेहमीची चूक, आणि महागात पडणारी.

उन्हाळ्यासाठी एनएसएफचे (अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे) आरईयू, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचे संशोधन कार्यक्रम चांगले, विद्यावेतनही मिळतं. पण ते फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना. मुलगी एच-4 वर (पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल, तर हा रस्ता बंद. शिवाय बरीच मेडिकल स्कूल्स ग्रीनकार्डाशिवाय अर्जच घेत नाहीत, तेव्हा यादी करण्याआधी एकेका स्कूलचा नियम वाचा.

व्हॉलंटिअरिंग मात्र अजिबात सोडू नये. एमडी-पीएचडी (डॉक्टरकी आणि संशोधन अशी जोडपदवी) करायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संशोधनावरचा 10,000 कॅरेक्टरपर्यंतचा निबंधच लिहावा लागतो. साध्या एमडीला बहुतेक ठिकाणी संशोधन सक्तीचं नाही, पण रुग्णांजवळ कधी बसलीच नाही अशा मुलीला ‘मग पीएचडीच का नाही?’ असं विचारतात, आणि त्याला लॅबमधून उत्तर सापडत नाही.