सेफ्टी, टाइट एंड की लाइनबॅकर? आधी एक खोली ठरू द्या

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं ह्यूस्टनजवळ राहतो. मुलगा यंदा अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सर्वोच्च पातळीच्या) एका विद्यापीठात गेला. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं, पहिलं वर्ष. हायस्कूलला तो क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) होता, बचावात सेफ्टी (सगळ्यात मागचा रक्षक) खेळायचा, पंटही (समोरच्यांनी लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवायचा. भरतीच्या वेळी त्याची नोंद नुसती ‘अ‍ॅथलीट’ अशी झाली. उंची सहा फूट तीन इंच, वजन 215 पौंड. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये त्याला सेफ्टींत घातलं, एक टाइट एंड (आक्रमणात समोरच्याला अडवणारा आणि चेंडूही झेलणारा) जायबंदी झाल्यावर तिकडे हलवलं आणि आता आउटसाइड लाइनबॅकरचं (बचावाच्या मधल्या फळीतल्या कडेच्या खेळाडूचं) बोलणं चालू आहे. आतापर्यंत दोन सामन्यांत थोडा वेळ उतरला. एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होईल, ही भीती वाटते. मी कोचशी बोलू का? क्वार्टरबॅकसाठी आग्रह धरायला सांगू का? की ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) जावं?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोच काय म्हणतात, तुम्हाला काय वाटतं, सगळं त्यात आहे. मुलाला स्वतःला कोणत्या जागेवर खेळताना मजा येते, ते मात्र कुठेच नाही. ते त्याला आधी विचारा आणि तो बोलत असताना मधे पडू नका.

भीती तुमची खरी आहे, पण कारण थोडं वेगळं आहे. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. अष्टपैलू खेळाडू सकाळी गोलंदाजी करतो, दुपारी फलंदाजी, त्यामुळे चार जागा खेळणारा मुलगा आपल्याला चौपट मोलाचा वाटतो. कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक जागेची बैठकीची खोली वेगळी, कोच वेगळा आणि सगळ्या बैठका साधारण एकाच वेळी. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे मोसमात आठवड्याला 20 तास, दिवसाला जास्तीत जास्त 4. सराव, वेट्स, फिल्म बघणं, सगळं त्यातच बसवायचं. एका खोलीत बसलेला मुलगा त्या वेळात दुसऱ्या खोलीतलं शिकत नसतो. तुमच्या मुलाने दीड-दोन महिन्यांत दोन खोल्या पाहिल्या, आता तिसरी. कौशल्य वाया जात नाहीये. शिकण्याचे तास जाताहेत.

हे का महत्त्वाचं, ते पहिल्या पावलात दिसतं. चेंडू स्नॅप झाला, म्हणजे मागे देऊन खेळ सुरू झाला, की सेफ्टीचा पाय मागे जातो. आधी मागची जागा सांभाळायची, मग निर्णय. लाइनबॅकर समोरच्या लाइनमनच्या खांद्यावरून ओळखतो की धाव आहे की पास, आणि बहुतेक वेळा पुढे येतो. टाइट एंड एक हात जमिनीला टेकवून बसलेला असतो. त्याचं पहिलं पाऊल जेमतेम वीतभर आणि दुसरं पडायच्या आत दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर बसलेले हवेत. तीन जागा, तीन उलटसुलट सवयी. विचार करून पाऊल टाकणारा मुलगा अर्धा सेकंद उशिरा पोचतो, फिल्मवर मंद दिसतो, आणि कोच वहीत ‘वेग कमी’ असं लिहितो. त्याचे पाय मंद नसतात. डोकं तीन भाषांत अडकलेलं असतं.

तुम्ही कोलोरॅडो विद्यापीठाच्या ट्रॅव्हिस हंटरचं उदाहरण द्याल. त्याने 2024 मध्ये रिसीव्हर (पास झेलणारा) आणि कॉर्नरबॅक (त्या झेलणाऱ्याला रोखणारा) अशा दोन्ही बाजू पूर्ण वेळ खेळून कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक घेतला. तो अपवाद आहे आणि त्याला तसं खेळू देणारा कोच आधीपासून त्याच्या पाठीशी होता. तुमच्या मुलाला जवळचं उदाहरण यूसीएलएच्या माइल्स जॅकचं. 2013 मध्ये पहिल्याच वर्षी त्याला पॅक-12 या विद्यापीठांच्या गटात आक्रमण आणि बचाव, दोन्हीकडचा सर्वोत्तम नवोदित ठरवलं गेलं. पण क्रम बघा. तो आधी लाइनबॅकर म्हणून पक्का झाला, चेंडू घेऊन धावायला नोव्हेंबरात लागला. आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये लाइनबॅकर म्हणूनच गेला.

मग जागा कोणती? सरावाची फिल्म मी पाहिलेली नाही, तेव्हा माझं मत तेवढ्यापुरतंच धरा. अठराव्या वर्षी सहा-तीन आणि 215 पौंड असलेला मुलगा कॉलेजच्या वेट रूममध्ये दोन वर्षं राहिला की सहज 235 च्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे सेफ्टी ही जागा त्याच्या हातून तशीही सुटत चाललीय. क्वार्टरबॅकचा आग्रह सोडा. त्यांना तो क्वार्टरबॅक म्हणून हवा असता तर भरतीच तशी झाली असती. उरतात टाइट एंड आणि आउटसाइड लाइनबॅकर. माझा कौल टाइट एंडला. हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक खेळताना बचावाची रचना वाचण्याची जी नजर त्याने कमावली, ती तिथे रोज कामी येईल. समोरचा बचाव जागा राखतोय (झोन) की एकेक माणूस धरतोय (मॅन), मोकळी जागा कुठे पडणार, हे त्याला इतरांपेक्षा आधी कळेल. ट्रॅव्हिस केल्सी सिनसिनाटीत क्वार्टरबॅक म्हणून आला, टाइट एंड झाला आणि 2013 मध्ये एनएफएलच्या खेळाडू-निवडीत तिसऱ्या फेरीत निवडला गेला.

एक अट मात्र आहे. टाइट एंडला ब्लॉकिंग आवडावं लागतं. नव्वद-शंभर किलोच्या, कधी त्याहूनही जड माणसाला दर दुसऱ्या प्लेला अंगावर घ्यायचं आणि कौतुक मात्र चेंडू झेलणाऱ्याचं. त्याला ते नकोसं वाटत असेल आणि धावणाऱ्याच्या मागे झेपावण्यात खरा आनंद वाटत असेल, तर माझा कौल बाजूला ठेवा, लाइनबॅकर होऊ द्या. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनला टाइट एंड होता. तिथून विस्कॉन्सिनला गेला, डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पहिल्या फळीत कडेचा) झाला आणि 2011 मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला.

कोचला तुम्ही फोन करू नका. कॉलेजमध्ये पालकाने खेळण्याच्या वेळेबद्दल फोन केला की नुकसान मुलाचंच होतं. मुलाने स्वतः पोझिशन कोचकडे वेळ मागावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात : पुढच्या वसंतात मला कोणत्या खोलीत धरलंय, तिथे सुरुवातीच्या यादीत यायला माझ्यात काय कमी आहे, आणि मोसम संपेपर्यंत मी एकाच खोलीत बसू शकतो का. ‘मला कुठेही चालेल’ हे वाक्य त्याने आता थांबवावं. शहाणा मुलगा म्हणून तो ते म्हणत असणार, पण त्यामुळेच जिथे माणूस कमी तिथे त्याला पाठवलं जातं.

त्याचं बहुपैलूपण स्पेशल टीम्समध्ये (चेंडूला लाथ मारायच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांत) वापरू द्या. किकऑफ आणि पंट कव्हरेजला, म्हणजे चेंडू परतवणाऱ्याला अडवायला, चांगला टॅकल लागतो, प्लेबुकचं (डावपेचांच्या वहीचं) ओझं कमी. बाहेरगावच्या सामन्याला जाणाऱ्या यादीत पहिल्या वर्षाची मुलं बहुतेक याच वाटेने येतात.

वर्ष फुकट गेलं असं धरू नका. 2018 च्या मोसमापासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट मिळतो, म्हणजे खेळण्याचं वर्ष शिल्लक राहतं. त्याचे दोनच झालेत. उरलेले दोन कोणते खेळायचे, हे कोच आणि मुलाने मिळून ठरवावं, आणि नियमाची आजची स्थिती कंप्लायन्स ऑफिसमधून (विद्यापीठाच्या नियमपालन कार्यालयातून) लेखी घ्यावी.

पोर्टल आत्ता नको. दुसऱ्या कोचला दाखवायला त्याच्याकडे कुठल्याच एका जागेची सलग फिल्म नाही. शिवाय पोर्टलमध्ये नाव गेलं की सध्याचं विद्यापीठ सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती बंद करू शकतं. वसंतातले 15 सराव एका जागेवर होऊ द्या. त्यानंतरही तो तीन खोल्यांत फिरत असेल, तर पोर्टल पुढच्या वेळी उघडेल तेव्हा मी स्वतः तुम्हाला जा म्हणेन.

इंजिनिअरिंगबद्दल तुम्ही एक ओळही विचारलेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. कॉलेज खेळणाऱ्या शंभरांतले दोनही एनएफएलपर्यंत पोचत नाहीत. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीच्या 40 टक्के क्रेडिट पूर्ण असावी लागतात, नाहीतर खेळताच येत नाही. प्रयोगशाळा दुपारी, सरावही अनेकदा दुपारी. अशा वेळी बरीच मुलं गुपचूप सोपा विषय घेतात आणि घरी नंतर कळतं. वसंत सत्राची नोंदणी लवकरच उघडेल. तेव्हा त्याने आधी इंजिनिअरिंगच्या सल्लागाराकडे जाऊन लॅबची वेळ पक्की करावी, मग संघाच्या शैक्षणिक सल्लागाराला तो कागद दाखवावा. या क्रमाने गेला तर सरावाच्या वेळेशी तडजोड मागता येते. उलट गेला तर तडजोड लॅबचीच होते.