सातवीण फुलली की शिंका सुरू होतात, म्हणजे मला त्याच झाडाची अ‍ॅलर्जी आहे का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, सोसायटीच्या गेटवर सातवीण आहे, ऑक्टोबरात ती फुलली की शिंका चालू होतात आणि म्हणून झाड तोडायचा अर्ज देताय. मी ठाण्यातच शाळेत सायन्स शिकवते आणि अगदी मनापासून सांगते, आधी थोडं थांबा.

सातविणीचं खाली पडलेलं एक फूल उचला आणि ब्लेडने उभं कापून बघा. पाकळ्या खाली जुळून बारीक नळी झालेली दिसेल आणि पुंकेसर त्या नळीच्या आत, बाहेर डोकावतसुद्धा नाहीत, मग वारा परागकण नेणार कुठून? हे फूल किड्यांसाठी आहे, म्हणून तर संध्याकाळी एवढा घमघमाट. आता रिकाम्या प्लॉटवरचं गवत बघा, पावसाळा संपता संपता तेही फुलतं, म्हणजे साधारण त्याच दिवसांत, फक्त पाकळ्या नसल्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही. त्याचे पुंकेसर बारीक तंतूंवर बाहेर लोंबतात आणि जरा वारा आला की ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कोरडे, हलके कण उडायला लागतात. याउलट जास्वंदीचा परागकण शंभर मायक्रॉनच्या वर, काटेरी आणि चिकट, तो लांब उडत नाही.

शरीरात काय होतं तेही सांगते. पहिल्यांदा परागकण नाकात गेला तेव्हा बहुतेक काहीच जाणवत नाही, पण काही जणांच्या पेशी त्यातल्या प्रोटीनला शत्रू समजून आयजीई नावाची अँटीबॉडी बनवतात आणि ती मास्ट सेल्स नावाच्या पेशींवर जाऊन चिकटून बसते. पुढच्या वेळी तेच प्रोटीन आलं की त्या मास्ट सेल्स काही मिनिटांत हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, मग शिंका, पाणी, डोळ्यांना खाज. सातविणीच्या उग्र वासाने डोकं धरणं, नाक चुरचुरणं होऊ शकतं, ते खरंच आहे, पण नुसत्या वासाने नाक चिडणं ही अ‍ॅलर्जी नव्हे, त्यात आयजीईचं काम नसतं.

आणि याच सुमारास दिवाळीची साफसफाई पण असते ना! माळ्यावरच्या गाद्या खाली काढल्या की धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची) विष्ठा हवेत उडते आणि आपल्याकडच्या दमट हवेत माइट्स आणि बुरशी दोन्ही मस्त वाढतात.

म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन स्किन प्रिक टेस्टबद्दल (त्वचेला हलकंसं टोचून करतात ती तपासणी) विचारा, १५-२० मिनिटांत हातावर गांधी उठते की नाही ते कळतं. अ‍ॅलर्जीची गोळी चालू असेल तर ती टेस्टच्या आधी किती दिवस बंद ठेवायची तेही विचारून घ्या. छातीत घरघर होत असेल तर मात्र टेस्टची वाट बघू नका, लगेच दाखवा.

झाडाचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जपण्याच्या कायद्याप्रमाणे शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. सोसायटीला गेटबाहेरचं गवत दरवर्षी फुलायच्या आत कापायला सांगा आणि कापताना तुम्ही तिथे उभे राहू नका.