घागरभर पाण्यात कोण राहील?

प्रश्न : सर, नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. पाचवीतल्या मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या मामानं काचेची पेटी आणून दिली. लांबी एक फूट, रुंदी आणि उंची आठ-आठ इंच. दुकानदारानं सोबत दोन गोल्डफिश, एक सकर, दोन निऑन टेट्रा आणि एक निळा फायटर दिला. ‘एवढे आरामात राहतात, मासा पेटी बघूनच वाढतो,’ असं म्हणाले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. आठवड्याच्या आत दोन्ही टेट्रा आणि एक गोल्डफिश गेले. लेकरू नीट जेवत नाही. नळाला पाणी कधीतरी येतं, एरवी बोअर नाहीतर टँकर. एवढ्याशा पेटीत नेमकं काय ठेवावं? आणि खरं सांगायचं तर, पाण्याची अशी तऱ्हा असलेल्या गावात मासे पाळणं शोभतं का, हेही मनात येतं.
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, आधी हिशोब करू. बारा गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे 768 घनइंच. लिटरमध्ये साडेबारा. तळाची वाळू आणि वर सोडलेली दोन बोटं जागा वजा केली की खरं पाणी उरतं दहा लिटर. एक घागर. त्या घागरीत सहा जीव खात होते आणि तिथंच सगळं उरकत होते.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच. जुन्या, बसलेल्या पेटीत एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. पण हे जिवाणू वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर पुरेसे बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या माशांना तेवढी सवड मिळालीच नाही. त्यात आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, जड (म्हणजे क्षार जास्त असलेलं) आणि अल्कधर्मी. पाणी जितकं अल्कधर्मी तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. टेट्रा आधी गेले याचं मला नवल वाटलं नाही. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ पाण्याचा मासा, शिवाय घोळक्यात राहणारा. त्याला जोडीनं आणून बोअरच्या पाण्यात सोडणं म्हणजे कोकणातल्या माणसाला मे महिन्यात आमच्या परभणीच्या पत्र्याखाली ठेवण्यासारखं.

‘मासा पेटी बघून वाढतो’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. गोल्डफिश चांगला वीतभर होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. लहान पेटीत तो वाढत नाही हे खरं, कारण घाण पाण्यानं तो खुंटतो आणि मग लवकर मरतो. सकर तर हातभर होतो. शेवाळ खातो म्हणून देतात, पण शेवाळ खाऊन तो जेवढी विष्ठा टाकतो ती कोण साफ करणार? उरलेला गोल्डफिश आणि सकर दुकानात परत द्या, किंवा कुणाकडं सावलीतला मोठा सिमेंटचा हौद असेल तर गोल्डफिश तिथं. सकर मात्र मांजरा नदीत किंवा एखाद्या विहिरीत ‘पुण्य लागेल’ म्हणून सोडू नका. तो दक्षिण अमेरिकेचा. चिवट इतका की एकदा पाण्यात रुजला की काढता येत नाही.

आता राहिला निळा फायटर. ताई, तुमच्या पेटीचा धनी तोच. एकटा.

तो थायलंडकडच्या भातखाचरांतला, उथळ साचलेल्या पाण्यातला मासा आहे. कल्ल्यांखेरीज डोक्यात एक जास्तीचा श्वसनाचा अवयव असतो, त्यामुळं तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. रात्री वीज गेली, पंप बंद पडला, तरी तडफडत नाही. दुकानात त्याला पेलाभर पाण्यात ठेवतात ते याच गुणावर, आणि लोक समजतात की त्याला पेलाभर पाणी पुरतं. पुरत नाही. माझ्या मते वीस लिटर त्याला योग्य. तुमचे दहा लिटर ही किमान हद्द आहे, ती आठवड्याला पाणी बदललं तरच चालेल. दुसरा नर कधीच नको. मादीही नको. आरसा दाखवून त्याला फुलवण्याचा खेळ मुलं करतात, तो मिनिटभर ठीक, रोज तासन्‌तास नको. एक-दोन गोगलगायी सोबतीला चालतील, पण त्या दुकानातून किंवा कुणाच्या पेटीतून आणा. तळ्यातल्या गोगलगायींबरोबर परजीवी येतात.

लेकराला बघायला काय मिळेल असं वाटत असेल तर सांगतो. रुळलेला नर पृष्ठभागावर तोंडानं बुडबुडे सोडून फेसाचं घरटं बांधतो. मादी नसली तरी बांधतो. माझी नात ते बघून म्हणाली होती, ‘आजोबा, ह्यानं प्लॉट घेतला.’

मांडणी अशी करा. पंपावर चालणारा छोटा स्पंज फिल्टर, हवा अगदी मंद, कारण लांब पंखांचा मासा जोराच्या प्रवाहात थकतो. वर झाकण हवंच, तो उडी मारतो. पाणी झाकणापासून दोन बोटं खाली, म्हणजे त्याला हवा घेता येते. कुणाची जुनी, चालती पेटी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि तुमच्यात टाका. चार आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. मनीप्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी अडकवा, ती नायट्रेट खात राहते. दुकानदार प्रत्येक दुखण्यावर निळं औषध देतात, ते उगीच टाकू नका, ते माशाआधी आपल्या कामाच्या जिवाणूंना मारतं.

खाद्य दिवसाला चार-पाच दाणे, मिनिटभरात संपतील एवढेच. आठवड्यात एक दिवस उपास. त्याला उपास सोसतो, सोसत नाही तो तुमच्या मुलाला. खाद्याचा डबा वर ठेवा. बादलीत डासांच्या अळ्या झाल्या तर पाच-सहा टाका आणि मुलाला बाजूला बसवा, तो जेवायला लागेल.

पाण्याचं म्हणाल तर टँकरच्या पाण्यात बऱ्याचदा टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पूड, असते. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं, आणि जिवाणूही. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलं की ते बहुतेक उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीनचे खडे मिळतात. स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, पेटीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ‘जलदूत’, तेव्हा मी परभणीत होतो. आमच्याकडंही टँकरच होते. माझी तीन फुटी पेटी मी तेव्हा रिकामी केली, मासे दोन ओळखीच्यांना वाटले, आणि बरणीत एक फायटर तेवढा ठेवला. शेजारणीनं घागरी भरताना माझ्या पेटीकडं एकदा नुसतं पाहिलं होतं. ते मी विसरलेलो नाही. पण तुमच्या पेटीला आठवड्याला अडीच लिटर लागतं. काढलेलं पाणी तुळशीला घाला, त्यातलं नायट्रेट तिला खतच. आंघोळीच्या दोन तांब्यांचा हा खेळ आहे. शोभतं, ताई.

प्रश्न : सर, तुम्ही गप्पी माशांबद्दल काहीच का लिहीत नाही? ते तर सरकारी आहेत, फुकट मिळतात. एक फुटी पेटीत चालतील का?
— निवृत्त आरोग्य कर्मचारी, बीड

उत्तर : ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ भिंतीभिंतीवर रंगवणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर तुम्हाला मी काय सांगणार! गप्पी आपल्या जड पाण्याला टेट्रापेक्षा कितीतरी बरा. अडचण त्याच्या संसाराची आहे. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला वीस-तीस. एकदा नराशी गाठ पडली की शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, म्हणून ‘एकटी मादी आणली तरी पिल्लं कशी झाली’ असं विचारणारी पत्रं मला येतात. एक फुटी पेटीत दोन महिन्यांत चाळीस मासे आणि मग एके सकाळी सगळे तरंगत.

पाळायचेच तर दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी घ्या, ती बेचाळीस लिटरची होते. त्यात पाच-सहा नरच ठेवा. नर बारीक, शेपटी रंगीत, पोटाखालचा पंख काडीसारखा टोकदार. तुमच्या आरोग्य केंद्राच्या हौदातले गप्पी दिसायला करडे असतील, पण चिवटपणात दुकानातल्या नखरेल गप्पींना ऐकत नाहीत. मात्र ते मोकळ्या ओढ्यात सोडू नका, हौद आणि टाक्यांपुरते ठीक.

प्रश्न : माझ्या दवाखान्याच्या स्वागतकक्षात गोल काचेच्या भांड्यात फायटर ठेवला आहे. शुद्ध म्हणून जारचं आरओचं पाणी वापरतो, दर दोन दिवसांनी पूर्ण बदलतो. तरी पंखांच्या कडा झडतायत आणि तो तळाला पडून असतो.
— एक डॉक्टर, जालना

उत्तर : डॉक्टरसाहेब, पेशंटला दर दोन दिवसांनी सगळं रक्त बदलून दिलंत तर काय होईल? आरओच्या पाण्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, त्यामुळं त्याचा सामू टिकत नाही, घसरत जातो. जारचं अर्धं आणि मुरवलेलं बोअरचं अर्धं असं मिसळा आणि एका वेळी चौथा हिस्साच बदला. दुसरं म्हणजे तुमचा एसी. फायटरला 24 ते 28 अंश लागतात. एसीच्या झोतात ते भांडं बाविसावर जात असणार, म्हणून तो निपचित. पंचवीस वॅटचा छोटा हीटर गोल भांड्यात बसत नाही, तेव्हा चौकोनी पेटीच घ्या. गोल भांड्याला वर तोंड लहान, आत जागा कमी, आणि बाहेरून बघणाऱ्याला मासा दुप्पट दिसतो एवढाच फायदा.

प्रश्न : लाल कोळंबी ठेवल्या तर? त्या तर एवढ्याशाच असतात.
— कॉलेज विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दहा लिटरला खरं तर त्या फार छान. या लाल चेरी कोळंबीला जड पाणी मानवतं, कवच बनवायला तिला कॅल्शियम लागतंच. दहा आणा, मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) लावा, फायटर मात्र त्यांच्यात नको, तो पिल्लं टिपून खातो. तांबं असलेलं कुठलंही औषध घालू नका, लगेच जातात.

पण तुमच्या नांदेडचा मे महिना! मी एका वर्षी पुण्याला लग्नाला गेलो, मागं दिवसभर भारनियमन, खोली बंद. परत आलो तेव्हा पाणी 34 अंश आणि सगळ्या कोळंब्या पांढुरक्या गुलाबी, तळाला. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो : वीस अंशाला लिटरमागं नऊ मिलिग्रॅम, तिसाला साडेसात. आता उन्हाळ्यात मी पेटी जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीला ठेवतो, झाकण काढून जाळी लावतो आणि छोटा पंखा पृष्ठभागावर सोडतो. दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडतं तेवढं वाढवायचं. ज्यांच्या घरी दुपारी कुणी नसतं त्यांनी कोळंबी दिवाळीनंतर आणावी.

प्रश्न : सर मी सातवीत आहे. गंगाखेडला गोदावरीच्या काठी उथळ पाण्यात नारिंगी रंगाची बारीक पिल्लं एकत्र फिरत होती. मी बरणीत वीस आणली. ती टँकमध्ये राहतील का? आई म्हणते सोडून ये.

उत्तर : आईचं ऐक, आणि आजच. ती बहुधा मरळीची पिल्लं आहेत. लहानपणी ती अशीच नारिंगी असतात, थव्यानं फिरतात, आणि आई-बाप खाली राखण करत असतात. तू हात घातलास तेव्हा खाली पाणी ढवळलं होतं का, आठवून बघ. मोठी झाल्यावर मरळ हातभर होते आणि तोंडात मावेल ते खाते. तीही फायटरसारखी वर येऊन हवा घेते. आज संध्याकाळपर्यंत बरणीत पाच मिनिटं मोजून बघ, पिल्लं किती वेळा वर येतात. मग बाबांना घेऊन जा, पाण्यात एकटा उतरू नकोस, आणि जिथून घेतलीस तिथंच, अगदी त्याच दगडापाशी सोड. मोजलेला आकडा मला कळव.