कॉस्टिकच्या टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंजची रीडिंग्ज वेगळी येतात. जर्नलमध्ये कोणतं लिहू?

दोन्ही लिहा. एकाच आकड्यावर अडून बसणाऱ्यांशी मी नोकरीभर भांडले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्यातल्या थोड्याचं कार्बोनेट होतं हे तुम्हाला माहीत असणारच. टायट्रेशनमध्ये ॲसिड थेंब थेंब सोडताना फिनॉल्फ्थॅलीन या निर्देशकाचा (रंग बदलून टप्पा दाखवणाऱ्या द्रवाचा) गुलाबी रंग जातो तेव्हा कॉस्टिक सगळं संपलेलं असतं, पण कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंत, म्हणजे निम्म्यावरच आलेलं असतं. उरलेलं निम्मं मिथिल ऑरेंज या दुसऱ्या निर्देशकाला कळतं.

मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या (कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्याच्या) लॅबला होते. मर्सरायझिंगला (सुती कापड तीव्र कॉस्टिकमधून काढायचं, म्हणजे चमक येते आणि रंग नीट धरतो) लाय, म्हणजे कॉस्टिकचं पाणी, ५० ट्वाडलवर चालायची; ट्वाडल म्हणजे हायड्रोमीटर बुडवून मोजलेल्या घनतेचं माप. ताज्या कॉस्टिकला ५० ट्वाडल म्हणजे लिटरला साधारण २८५ ग्रॅम. पण टाकीत ताजं कॉस्टिक किती? बरीचशी लाय धुण्याच्या पाण्यातून रिकव्हरीला जाऊन, आटवून परत आलेली. प्रत्येक फेरीत कार्बोनेट वाढणार, कापडावरची खळ उतरून तीही त्यात मिसळणार.

एका पार्टीचा गडद निळा लॉट फिका आणि पट्टे पट्टे होऊन निघाला. मशीन सांभाळणाऱ्या मास्टरांनी दोष रंगावर ढकलला. मी म्हटलं, लाय तपासते. तर म्हणाले, "मॅडम, ट्वाडल पन्नास दाखवतंय की! मशीन तुमच्या गुलाबी पाण्यावर चालत न्हाई."

१० मिली लाय ५०० ला डायल्यूट केली, त्यातली १० मिली कोनिकल फ्लास्कमध्ये, ब्युरेटमध्ये (ॲसिड मोजून सोडायच्या नळीत) ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड. फिनॉल्फ्थॅलीनला १३.० मिली ॲसिड लागलं. त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज टाकून पुढे गेले, सुरुवातीपासून धरून १३.९. आता नुसतं मिथिल ऑरेंज धरलं तर लिटरला २७८ ग्रॅम कॉस्टिक येतं आणि मास्टर जिंकतात. पण १३.० ची दुप्पट करून १३.९ वजा करा. खऱ्या कॉस्टिकच्या वाट्याला १२.१ मिली, म्हणजे २४२ ग्रॅम. उरलेल्या १.८ मिलीत लिटरला जवळजवळ ४८ ग्रॅम कार्बोनेट. हायड्रोमीटर फक्त घनता बघतो, वजन कशाचं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चाळीसेक ग्रॅम कॉस्टिक कमी, तरी काटा पन्नासवर!

मास्टर तेव्हाही मानले नाहीत. मग त्याच लॉटच्या कापडाचा बेरियम नंबर काढला. तोही टायट्रेशनच: कापड बेरियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं, किती शोषलं ते ॲसिडने मोजायचं. १०० ते १०५ म्हणजे मर्सरायझिंग झालेलंच नाही, १५० च्या वर म्हणजे पुरतं झालं. आमचा मधेच लटकत होता. त्यानंतर मालकांनी टाकीत ताजं कॉस्टिक भरायला सांगितलं. मास्टर मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की रंगच खराब होता.

तर तुमच्या जर्नलचं. पायलट, म्हणजे पहिलं अंदाजाचं, रीडिंग सोडून पुढची नीट घ्या, सीबीआर (पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग) दोन्ही निर्देशकांचा वेगळा लिहा. फिनॉल्फ्थॅलीनच्या टप्प्यावर ॲसिड सावकाश सोडा आणि फ्लास्क फिरवत राहा. एका जागी धार पडली की तिथे कार्बोनेटचा वायू आधीच निघून जातो आणि रीडिंग जास्त येतं. पेलेट्स वजन करून "०.१ मोलर" असं लेबल लावलेल्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. ज्याची तीव्रता आधी तपासलेली आहे असं ॲसिड घ्या.

हे सगळं ब्युरेटमध्ये हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र ॲसिड असेल तरच. तुमच्याकडे ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर मिथिल ऑरेंज त्याला चालतच नाही, फरकाचं कारण तेच असू शकतं. तुम्ही ॲसिड कोणतं घेतलं ते लिहिलेलं नाही. आणि मास्टरांच्या बाजूने एवढं कबूल करते की चालत्या मशीनवर दर पंधरा मिनिटांनी कोणी टायट्रेशन करत बसत नाही. ताज्या लायला, ठरलेल्या तापमानाला ट्वाडल ठीकच आहे.

सर एकच आकडा मागत असतील तर वर सांगितलेली वजाबाकी करून कॉस्टिक वेगळं काढून द्या. "एवढी कटकट कशाला, हायड्रोमीटर बुडवून कळत नाही का?" असं कोणी म्हणालंच, तर त्यांना त्यातलं कार्बोनेट हायड्रोमीटरने मोजून दाखवायला सांगा.