वाचक विचारतात: लेकरू मागे ठेवून जातात तरी कशा?

प्रश्न: ताई, मी सध्या टोरांटोला लेकाकडे आलेय. नातवाला सांभाळायला एक फिलिपिनो बाई येतात, पन्नाशीच्या असतील, स्वभावाने फार गोड. बोलता बोलता कळलं की त्या २००५ मध्ये इथे आल्या तेव्हा त्यांची मुलगी ४ वर्षांची होती आणि ती आईकडे आली तेव्हा १२ ची. आता चांगली मोठी आहे पण आईशी जेवढ्यास तेवढं बोलते म्हणे. खरं सांगू का, माझ्या मनात आलं की स्वतःचं लेकरू तिकडे ठेवून ८ वर्षं दुसऱ्यांची पोरं कशी काय सांभाळली असतील? चुकतंय का माझं?

उत्तर: मनात येणं चुकीचं नाही हो, पण त्या काही ८ वर्षं ठरवून निघाल्या नव्हत्या. कॅनडात १९९२ पासून लिव्ह-इन केअरगिव्हर नावाची स्कीम होती, तिच्यात सगळ्यात जास्त बायका फिलिपिन्समधून आल्या. नियम असा की २४ महिने मालकाच्याच घरात राहून काम करायचं आणि ते झालं की मग पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज. आता राहणंच मालकाच्या घरी म्हटल्यावर मुलगी आणून ठेवणार कुठे? त्यात मधेच मालकाने काढलं तर नवा मालक शोधा, नवं परमिट काढा, आणि मधले बिनकामाचे महिने हिशोबात धरायचेच नाहीत. बरं २४ महिने भरले तरी पुढे फाइल सरकारी टेबलावर वर्षानुवर्षं. मालकाच्या घरी राहायची ती अट २०१४ मध्ये गेली, तुमच्या बाईंची ८ वर्षं तोवर भरून झाली होती. म्हणजे दोन-तीन वर्षांची तयारी करून निघालेली आई ८ वर्षं अडकली, असं बघा त्याच्याकडे.

आणि त्यांच्या देशाने तरी कुठे अडवलं? उलट १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या राजवटीत नवीन कामगार कायदा आला आणि माणसं बाहेर कामाला पाठवणं हे सरकारचंच धोरण झालं, कारण देशात नोकऱ्या नाहीत आणि डॉलर तर हवेत. तात्पुरतं म्हणून सुरू केलेलं ते आजही चालूच आहे. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोरी अक्विनो हाँगकाँगला गेल्या तेव्हा तिथे घरकाम करणाऱ्या बायकांना त्या देशाच्या नव्या वीर म्हणाल्या. (वीर म्हणायला पैसे पडत नाहीत, हे आपलं माझं मत.)

यातल्या कितीतरी जणी तिकडे शाळेत शिक्षिका होत्या, नर्स होत्या, पण बाहेर त्या डिग्रीला कोणी विचारत नाही म्हणून दुसऱ्याचं बाळ सांभाळतात आणि पगारातून स्वतःच्या मुलीची फी, धाकट्या भावंडांचं कॉलेज, आईचं औषध, गळकं छप्पर असं सगळं बघतात. थोरल्या बहिणीला ते 'आते' म्हणतात, आपली आत्या नव्हे हं, आणि घरातली आते बाहेर गेली की सगळ्यांचे हात तिच्याकडेच. 'उतांग ना लोओब' म्हणजे मनातलं देणं, ते कधी फिटत नाही असं धरूनच चालतात.

मुलीचंही खोटं नाही. तिला वाढवलं आजीने, 'लोला'ने. आई म्हणजे फोनवरचा आवाज. १२ व्या वर्षी ती लोला सुटली, मैत्रिणी सुटल्या आणि विमानतळावर एक अनोळखी बाई मिठी मारायला पुढे आली. त्या दोघींमध्ये समेट बिमेट घडवायला जाऊ नका, नातू झोपला की बाईंना दोन मिनिटं बसवून मुलीबद्दल ऐकून घ्या, पुरे.

प्रश्न: ऑफिसातल्या फिलिपिनो मैत्रिणीच्या हॉलमध्ये कायम एक भलामोठा अर्धवट भरलेला खोका असतो. शिफ्टिंग करतेय का?

उत्तर: नाही हो, तो बालिकबायान बॉक्स! गावी पाठवायचा. बोटीने जातो आणि भाडं वजनावर नाही, खोक्याच्या मापावर, म्हणून कोपरा न् कोपरा ठासून भरतात. साबण, टॉवेल, कॉफी, चॉकलेटं, डबाबंद मांस, सेलमधले बूट, आणि बुटाच्या आतसुद्धा मोजे कोंबायचे. सेल लागेल तसं महिनोन् महिने भरणं चालतं. पोचायला महिना-दोन महिने सहज लागतात त्यामुळे ख्रिसमसचा खोका दिवाळीच्या आसपासच निघालेला बरा.

प्रश्न: अमेरिकेत फिलिपिनो लोक नर्स म्हणूनच गेले ना?

उत्तर: नर्सेस खूप गेल्या, १९४८ च्या एक्स्चेंज प्रोग्रॅमने आणि मग १९६५ च्या कायद्याने. पण त्याआधी शेतमजूर गेलेत, १९०६ पासून हवाईच्या उसात आणि पुढे कॅलिफोर्नियात. बहुतेक सगळे तरुण पुरुष. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्याच ताब्यात होतं त्यामुळे यायला अडचण नव्हती, पण १९३४ च्या कायद्याने वर्षाला फक्त ५० जणांना प्रवेश ठेवला आणि कॅलिफोर्नियात गोऱ्या बाईशी लग्नाला १९४८ पर्यंत बंदी. संसार करणार कोणाशी? कितीतरी जण तसेच म्हातारे झाले, त्यांना आदराने 'मानोंग' म्हणजे दादा म्हणायचे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांचा संप याच मानोंगनी त्यांचा पुढारी लॅरी इटलियाँगसोबत सुरू केला, मेक्सिकन मजुरांचा पुढारी सेझार चावेझ, त्याचे लोक आठवड्याभराने आले. पण नाव झालं चावेझचंच. संप ५ वर्षं चालला.

प्रश्न: माझी फिलिपिनो रूममेट ३८ ची आहे, बॉयफ्रेंड १० वर्षांपासूनचा, पण लग्नाचं नाव काढलं की विषय बदलते. वडील अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहेत. काय भानगड असेल?

उत्तर: भानगड बहुतेक कागदांची. ग्रीन कार्डवाल्या वडिलांनी मुलीसाठी अर्ज केला असेल तर तो अविवाहित मुलीसाठीच असतो, लग्न केलं की अर्ज आपोआप रद्द. वडील आधी सिटिझन झाले आणि मग तिने लग्न केलं तर अर्ज टिकतो पण लग्न झालेल्यांच्या रांगेत जातो आणि फिलिपिन्ससाठी ती रांग २० वर्षांच्या वर आहे. तेव्हा तिला लग्न कधी असं विचारू नका, नंबर कुठवर आला ते विचारा, तारखेसकट सांगेल.