'गुरांचा हिवताप' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय: कणकवलीकडच्या एकांची जर्सी गाय आजारी पडली, ताप आणि लघवी लाल, जनावरांचे डॉक्टर म्हणाले "गुरांचा मलेरियाच समजा". आता ह्यांना वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्यांना सावध करायचंय, तर 'गुरांचा हिवताप' लिहिलं तर चालेल का, मलेरिया म्हणजेच हिवताप ना?

माणसाच्या बाबतीत हो, पण गायीला नको. का ते जरा लांबण लावून सांगतो, कारण हा शब्द माझा लाडका आहे.

हिव म्हणजे थंडी. संस्कृत हिम, त्याचं हिंव, त्याचं हिव, म्हणजे ग्राम-गांव-गाव आणि नाम-नांव-नाव ह्यांच्याच रांगेतला. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुस्वार कागदावरून गेला पण आमच्याकडे नाकातून गेला नाही, माझी आजी "माका हींव भरलां" म्हणायची तेव्हा तो टिंब स्वच्छ ऐकू यायचा, आणि मग भर मे महिन्यात दोन गोधड्या आणि वर कोणीतरी दाबून बसायला. म्हणजे हिवताप हे नाव रोग्याला काय होतं त्यावरून पडलंय. उलट 'मलेरिया'चा अर्थ इटालियनमध्ये 'वाईट हवा', दलदलीच्या कुबट हवेने ताप येतो असं लोकांना वाटायचं. ते कारण साफ चुकीचं निघालं तरी नाव राहिलं. आपलं नाव कारणाच्या भानगडीत पडलंच नाही म्हणून खोटंही ठरलं नाही, मला तरी तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

ह्याच तापाला जुनी माणसं 'पाळीचा ताप' म्हणायची (आज हा शब्द चारचौघांत वापरून बघा, गैरसमज नक्की) आणि एक दिवस सोडून येणारा तो 'एकांतरा'. आता गंमत बघा, आयुर्वेदात त्यालाच 'तृतीयक' म्हणतात. सोमवारी ताप, मंगळवारी माणूस उठून कामाला, बुधवारी परत ताप. मराठी मधला एक रिकामा दिवस मोजते, संस्कृत सोमवार धरून तीन मोजते, बारशाला जन्माचा दिवस धरतात तसं. घड्याळाने दोन्ही 48 तासच. 'चतुर्थक' तसाच 72 तासांचा. म्हणून कोणी 'तृतीयक म्हणजे तीन दिवसांनी येणारा' असं लिहिलं की मला राहवत नाही.

पण लक्षणावरून पडलेल्या नावाने निदान होत नाही, हेही तितकंच खरं. हिव कशानेही भरतं. चिखलणीच्या दिवसांत शेतातून आलेल्या माणसाला हुडहुडी भरली तर तो लेप्टोही (उंदरांच्या लघवीतून, चिखलपाण्यातून होणारा ताप) असू शकतो, त्यात डासाचा काही संबंध नाही. आणि फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया तर बरेचदा पाळी पाळतच नाही, रोज चढतो, तेव्हा एकांतरा आहे का बघू म्हणून थांबण्यात अर्थ नाही. बोटाला सुई टोचून काचेवर दोन ठिकाणी रक्त घेतात ना, एक जाड ठिपका आणि एक पातळ पसरलेला, त्यातल्या जाडात परजीवी आहे का ते सापडतं आणि पातळात तो कुठल्या जातीचा ते कळतं. हल्ली पट्टीवाली किटही असते.

आता गाय. तिला झालाय तो बहुतेक बबेसिया नावाच्या परजीवीचा ताप, कारण ताप आणि लाल लघवी ही त्याची ओळखीची खूण. डॉक्टरांनी मलेरिया का म्हटलं? हाही परजीवी तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो, फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचेवर बघितलं की पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी दिसते. समजावून सांगायला उपमा उत्तम आहे, पण उपमेचं नाव करू नये. कारण हा डासाने नाही, गोचिडीने येतो. ग्रुपवर 'गुरांचा हिवताप' वाचून लोक गोठ्यात डासांसाठी धूर करत बसतील आणि गोचिडी कासेला लटकलेल्या तशाच राहतील. सरळ 'गोचीडताप' लिहा, चांगला रुळलेला शब्द आहे. त्यात थायलेरिया हा गोचिडीनेच येणारा दुसरा रोगही येतो, पण तिथे खूण म्हणजे सुजलेल्या गाठी.

जाता जाता, मलेरियाचा डास पकडला जायच्या आधीच गोचीड पकडली गेली. अमेरिकेत स्मिथ आणि किल्बोर्न यांनी गुरांच्या ह्याच तापाबद्दल 1893 मध्ये ते दाखवलं, रोनाल्ड रॉस ह्या इंग्रज डॉक्टरला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो 1897 मध्ये.

असे रोग म्हणजे 'कीटकजन्य', असं सरकारी फलकांवर असतं, त्या शब्दावरही माझा जुना राग आहे. एक तर गोचिडीला आठ पाय, ती कीटक नव्हेच, कोळ्याच्या गोतावळ्यातली. आणि 'जन्य' म्हणजे त्यातून जन्मलेला, रोग काही डासातून जन्मत नाही, डास तो इकडून तिकडे नेतो. 'वाहकजन्य' ऐकलं की तर डोकंच धरतो. 'कीटकवाहित' बरा, पण सरकारी फलक बदलायला मी कुठून जाऊ.

एक मात्र सांगायलाच हवं. घोड्या-उंटांना आणि गुरांनाही होणारा 'सर्रा', जो गोमाशी एकाला चावून लगेच दुसऱ्याला चावली की पसरतो, त्या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती देताना काही कोश मराठीतल्या 'सूर'कडे बोट दाखवतात, म्हणजे नाकातून सूं सूं चालणारा श्वास. तेही लक्षणावरूनच, हिवासारखं.

तर ग्रुपवर एवढंच टाका: "गायीक गोचीडताप झालो हा, आपापल्या ढोरांचे कान नि कास बघून घेवा."